जाऊन येणं

“या वयात डोंगर कशाला?” हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की आता राग येत नाही. नातेवाईक विचारतात, भाजीवाली विचारते, बँकेतली मुलगी विचारते. त्यात काळजी असते, थोडं कुतूहल असतं, आणि “म्हातारपणी काय ही थेरं!” असंही थोडं असतं. एकदा नीट बसून उत्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. सध्या गुडघ्याला शेक देत बसायचे दिवस आहेत, म्हणजे वेळही आहे आणि विषयही!

मी गिर्यारोहक वगैरे कोणी नाही, हे आधीच सांगते. मराठी माध्यमातून बी. ए. झाले, छत्तीस वर्षं शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला, अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झाले. नोकरीत असताना डोंगराशी संबंध आला तो शाळेच्या सहलीपुरता. गाडीतून उतरल्यावर मुलं मोजायची, वर पोचल्यावर मोजायची, खाली आल्यावर परत मोजायची. एवढे किल्ले हिंडले, पण डोळ्यांसमोर येतात त्या मुलांच्या टोप्याच. निवृत्तीनंतर आम्ही तळोजा फेज वनमध्ये राहायला आलो, आणि वयाच्या साठाव्या वर्षी, २०१२ साली, मी पहिल्यांदा कोणालाही न मोजता डोंगर चढले.

तळोज्याला राहतो म्हटलं की लोकांना दोनच गोष्टी आठवतात. कारखाने आणि तुरुंग. २०१७ च्या ऑगस्टमध्ये त्यात तिसरी भर पडली, निळ्या कुत्र्यांची! कासाडी नदीत सोडलेल्या रंगाच्या पाण्याने इथल्या भटक्या कुत्र्यांचे अंग निळं झालं आणि त्यांचे फोटो जगभर गेले. रात्री-पहाटे कधी कधी असा काही वास येतो की खिडक्या लावून घ्याव्या लागतात. आता मेट्रो आलीय (१७ नोव्हेंबर २०२३ ला बेलापूर ते पेंधर सुरू झाली), बांधकामं तर संपता संपत नाहीत. पण एक चांगला पाऊस होऊन हवा धुतली गेली की आमच्या गच्चीवर या. पश्चिमेला खारघरचे डोंगर, ईशान्येला मलंगगड, पूर्वेला चंदेरीचा सुळका, मग माथेरानची लांबलचक सपाट कड, तिच्या अलीकडे प्रबळगड आणि त्याला चिकटलेली कलावंतीण. दक्षिणेला कर्नाळ्याचा अंगठा. इतके डोंगर एका गच्चीवरून दिसतात, आणि आपण मात्र खाली कोणी कुठे गाडी लावली यावर भांडत असतो.

सकाळी बागेत फेऱ्या मारणाऱ्या आम्हा सात-आठ जणांचा गट असाच जमला. एक निवृत्त कारकून, एक परिचारिका, दोन गृहिणी, एक एसटीतले मेकॅनिक, एक पोस्टातले, आणि मी. कोणाला मधुमेह, कोणाला रक्तदाब, सगळ्यांना चष्मा. “बागेत किती गोल गोल फिरायचं? एकदा सरळ वर जाऊन बघू,” असं मेकॅनिककाका म्हणाले आणि आम्ही निघालो.

तसं पाहिलं तर सामान्य माणसाने डोंगर चढणं ही आपल्याकडे नवी गोष्टच नाही. ज्ञानोबांच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढणाऱ्या म्हाताऱ्या डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन चढतात, आणि वर गात असतात. कळसूबाई म्हणजे १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यांत उंच शिखर, पण नवरात्रात गावोगावच्या बायाबापड्या देवीच्या दर्शनाला तिथे जातात. रायगडाची हिरकणी तर तिसरीतल्या मुलालाही माहीत. अंधारात कडा उतरून बाळाकडे गेलेली गवळण. ही सांगोवांगीची गोष्ट असेल, पण बघा, तिचं कौतुक उतरण्यासाठी आहे. चढण्यासाठी नाही! गो. नी. दांडेकरांनी (१९१६ ते १९९८) आयुष्यभर गड पायी तुडवले आणि लिहिले, त्यामुळे कितीतरी पांढरपेशी मंडळी सुट्टीच्या दिवशी किल्ल्यांकडे वळली. म्हणजे साहस, विक्रम, झेंडा वगैरे प्रकार नंतरचे. आधी देव, दूध आणि बाजार यासाठीच माणूस डोंगर चढत-उतरत होता.

तर आमचा पहिला डोंगर कर्नाळा. पनवेलहून पेणकडे जाणारी एसटी अभयारण्याशी सोडते. वाटेत शिरढोण लागतं, आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं जन्मगाव. १८४५ चा जन्म त्यांचा. त्यांचे आजोबा याच कर्नाळ्याचे किल्लेदार होते. कर्नाळा आणि प्रबळगड हे दोन्ही १६६५ च्या पुरंदरच्या तहात मोगलांना दिलेल्या तेवीस किल्ल्यांतले. हे मी वर्गात वर्षानुवर्षं शिकवलं, यादी घोकून घेतली, पण त्या यादीतला एक गड असा धापा टाकायला लावतो हे साठाव्या वर्षी कळलं.

गडाची उंची साधारण १५०० फूट. म्हणजे काहीच नाही, असं तरुण मुलं म्हणतात. विल्यम नेस्मिथ नावाच्या एका स्कॉटिश गृहस्थांनी १८९२ साली डोंगरात चालायचा एक सोपा हिशेब सांगितला, तो अजून जगभर वापरतात. पाच किलोमीटरला एक तास धरायचा, आणि दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास मिळवायचा. या हिशेबाने कर्नाळा दीड तासात व्हायला हवा. आम्हाला तीन तास लागले. नेस्मिथसाहेबांच्या हिशेबात पाणी पिणं, चष्मा पुसणं, “जरा थांबा हो” म्हणणं आणि एकमेकांची चौकशी करणं धरलेलं नाही! तेव्हापासून आमचा नियम ठरला: जो वेळ पुस्तकात किंवा मोबाईलवर दिला असेल त्याची दुप्पट. दुप्पट धरली की घाई उरत नाही, आणि घाई नसली की डोंगर बराच नरम होतो.

वर सुळक्याच्या पायथ्याशी पाण्याची टाकी आहेत. सुळका सव्वाशे फूट उंच, त्यावर मधमाश्यांची मोठमोठी पोळी, त्यामुळे तिथे मोठ्याने बोलायचं नाही, धूर करायचा नाही, अत्तर लावून जायचं नाही. आम्ही बसलो, दशम्या आणि चटणी काढली. समोर प्रबळगड, माथेरान. कोणीच फारसं बोललं नाही. इतक्या वर्षांच्या शिक्षकी पेशात मला एवढी आपोआप आलेली शांतता कधी मिळाली नव्हती.

आता अडचणींबद्दल. डोंगरावरचं लिखाण वाचलं तर अडचणी म्हणजे कडे, दोर, वादळं. आमच्या अडचणी वेगळ्या.

पहिली अडचण म्हणजे घरचे. आमचे हे स्वतः डोंगराच्या वाटेला जात नाहीत, वर्तमानपत्र आणि चहा एवढं त्यांना पुरतं. त्यांनी कधी अडवलं नाही, पण निघताना ठरलेला प्रश्न असतो, “किती वाजता येशील?” मुलगी पुण्याहून फोनवर रागावते. तिला वाटतं आई कुठेतरी पडेल आणि तिला नंतर कळेल. तिचं वाटणं चूक नाही. साठीनंतर हाड मोडलं तर ते नुसतं हाड नसतं, घरातल्या तीन माणसांच्या रजा असतात.

दुसरी अडचण पायातलं. आपल्या बायकांना घरासाठी हजारांची भांडी घेववतात, पण स्वतःच्या बुटांसाठी पैसे काढताना हात थरथरतो. मी साठ वर्षांत कधी बूट घातले नव्हते. चप्पल नाहीतर सँडल. बूट अर्धा अंक मोठा घ्यायचा, कारण उतरताना बोटं पुढे आपटतात आणि नखं काळी पडतात, हे कोणी सांगत नाही. जाड मोजे, आणि नवे बूट आधी आठ दिवस घरात वापरायचे. तळव्याची नक्षी झिजली की बूट कितीही चांगला दिसत असला तरी डोंगरासाठी बाद.

तिसरी अडचण कोणी लिहीत नाही म्हणून मीच लिहिते. बायका डोंगरावर पाणी पीत नाहीत. तहान लागत नाही म्हणून नव्हे. आडोसा कुठे मिळेल या भीतीने. पहाटे निघाल्यापासून दुपारी परत येईपर्यंत चार घोट पाण्यावर राहतात, मग डोकं दुखतं, पायात गोळे येतात, कोकणातल्या दमट हवेत चक्कर येते, आणि मग “बायकांना झेपत नाही” म्हणून सगळे मोकळे! आम्ही चौघी जणी एक मोठी छत्री आणि जुनी ओढणी घेऊन जातो. एकीने बसायचं, दोघींनी धरायचं, चौथीने वाटेवर उभं राहायचं. वाडी लागली तर तिथल्या बाईला सरळ विचारायचं. बाईला बाईची अडचण सांगावी लागत नाही. ही सोय झाल्यापासून प्रत्येकी दोन लिटर पाणी संपतं आणि कोणाचंच डोकं दुखत नाही. सोबत लिंबू, मीठ, गूळ-शेंगदाणे, खजूर. मधुमेहवाल्यांच्या खिशात साखरेच्या पुड्या.

चौथी आणि सगळ्यांत मोठी अडचण म्हणजे उतार. चढताना छाती भरून येते, पण ती थांबलं की शांत होते. उतरताना तसं नसतं. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो आणि मांडीच्या स्नायूंना ब्रेकचं काम करावं लागतं. मेकॅनिककाकांच्या भाषेत सांगायचं तर, “बाई, गाडी घाटात चढताना इंजिन तापतं, उतरताना ब्रेक तापतात. अपघात ब्रेकमुळे होतात.” म्हणून दोन काठ्या, लहान पावलं, नागमोडी चाल, आणि दर वीस मिनिटांनी थांबा. पाय थकलेले असतात, मन घरी पोचलेलं असतं, तेव्हाच घसरायला होतं.

आपण मराठी माणसं घरातून निघताना “जाते” म्हणत नाही, “येते” म्हणतो. लहानपणी “जाते” म्हटलं की आजी रागवायची, “येते म्हण!” मुलांना व्याकरण शिकवताना मी हे गमतीने सांगायची, की बघा, जाणारा माणूस येतो म्हणतोय. डोंगरावर जायला लागल्यावर त्यातलं शहाणपण कळलं. आपल्यासारख्यांचं डोंगर चढणं हे जाऊन येणं आहे. वर पोचणं हा त्यातला अर्धाच भाग, आणि खरं सांगायचं तर तो नाही झाला तरी चालतो. दुसरा अर्धा मात्र व्हायलाच हवा.

हे आम्ही प्रबळमाचीवर शिकलो. ठाकूरवाडीतून चढायला लागलं की वाटेत दगडात कोरलेले गणपती आणि मारुती लागतात, मग माची. तिथून एक वाट प्रबळगडावर जाते आणि एक कलावंतिणीच्या सुळक्यावर. कलावंतिणीच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांच्या चित्रफिती मोबाईलवर फिरत असतात, “जगातला सर्वांत धोकादायक किल्ला” असली नावं देऊन. (माचीवरचे लोक मात्र शिमग्याला त्याच सुळक्यावर जाऊन नाचतात. त्यांनी त्या चित्रफिती पाहिल्यात की नाही देव जाणे!) आमच्या निवृत्त कारकूनकाकांना एकदा तो सुळका चढायचाच होता. त्यांची अँजिओप्लास्टी होऊन तीन वर्षं झाली होती, डॉक्टरांनी चालायला परवानगी दिली होती. माचीच्या जरा खाली ते गप्प झाले. एरवी सतत बोलणारा माणूस! घाम येत होता तो चढाचा नव्हता. थांबूनही दम खाली बसत नव्हता. आमच्या परिचारिकाबाईंनी नाडी धरली आणि एवढंच म्हणाल्या, “आपण खाली जाऊया.”

वरून उतरणारी कॉलेजची मुलं जाताना म्हणाली, “काका, दहाच मिनिटं राहिली!” डोंगरावरची ही “दहा मिनिटं” म्हणजे जगातलं सगळ्यांत प्रेमळ खोटं. पण त्या दिवशी त्या दहा मिनिटांकडे पाठ फिरवणं काकांना फार जड गेलं. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. “माझ्यामुळे तुम्हा सगळ्यांचं...” असं सारखं म्हणत होते. आम्ही सगळेच उतरलो, एकही जण वर गेला नाही. अर्धे वर आणि अर्धे खाली असं केलं असतं तर ते आजारी ठरले असते. सगळे फिरलो म्हणून ती सहल ठरली. दुसऱ्या दिवशी त्यांच्या डॉक्टरांनी तपासलं, औषधं बदलली. काका आजही आमच्याबरोबर येतात. कलावंतीण राहिली ती राहिलीच, पण काका आहेत.

त्यानंतर आम्ही परतीची वेळ आधी ठरवायला लागलो. साडेदहा म्हणजे साडेदहा. तेव्हा जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग शिखर हाताच्या अंतरावर का असेना.

जपानच्या जुन्को ताबेई यांची गोष्ट मला याच संदर्भात आवडते. १६ मे १९७५ ला एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री. त्याच्या काही दिवस आधी त्यांच्या तळावर हिमकडा कोसळला होता, त्यातून त्या वाचल्या होत्या. पुढे कर्करोग झाला तरी त्या डोंगर चढत राहिल्या. २०११ च्या त्सुनामीत होरपळलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना त्या फुजी पर्वतावर घेऊन जात. २०१६ च्या जुलैमध्ये, शहात्तराव्या वर्षी, त्या अशाच मुलांबरोबर गेल्या आणि शिखरापर्यंत न जाता मध्येच थांबल्या. मुलं वर गेली. ऑक्टोबरमध्ये त्या वारल्या. एव्हरेस्टवर पोचलेल्या बाईंनाही अर्ध्यातून थांबता आलं, तर आपल्याला कसला कमीपणा?

डोंगरात आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे आपली हौस ही दुसऱ्या कोणाची रोजची वाट असते. पनवेलच्या गाढेश्वरच्या बाजूला दोधाणी गाव आहे. तिथून वर माथेरानच्या सनसेट पॉइंटला वाट चढते. आम्ही तीवर निम्म्यात फतकल मारून बसलो होतो, तेव्हा साठीची एक ठाकर बाई डोक्यावर पाटी घेऊन आमच्या शेजारून वर गेली. पायात साध्या रबरी चपला. वर विकायला भाजी नेत होती. मी विचारलं, “मावशी, दमत नाही का?” ती थांबली नाही, चालता चालताच म्हणाली, “दमून काय करू?” पुढचा अर्धा तास आमच्यापैकी कोणी आपल्या गुडघ्याचं नाव काढलं नाही.

आणि इरसालवाडी. चौकच्या वर इरसालगडाच्या पोटाशी ही ठाकरांची वाडी होती. गडाच्या माथ्यावर कातळाला आरपार भोक आहे, नेढं म्हणतात त्याला, ते पाहायला आम्ही गेलो होतो. वाडीत एका घरी पाणी प्यायलो, ओसरीवर टेकलो. १९ जुलै २०२३ च्या रात्री मुसळधार पावसात डोंगराची कड वाडीवर आली. सत्तावीस मृतदेह हाती लागले. सत्तावन्न जणांचा पत्ताच लागला नाही, आणि अखेर शोध थांबवावा लागला. वर रस्ता नव्हता, यंत्रं नेता येत नव्हती. बचावाला गेलेली माणसं त्या चिखलातून, पावसातून तीच पायवाट चढून गेली आणि हातांनी, फावड्यांनी उपसत राहिली. नवी मुंबई अग्निशमन दलाचे एक अधिकारी तर ती वाट चढतानाच हृदयविकाराने गेले. पुढे चौकजवळ सिडकोने वाचलेल्यांसाठी घरं बांधली.

ती बातमी पाहताना मी कितीतरी वेळ त्या ओसरीचाच विचार करत होते. आम्ही तिथून “येतो” म्हणून निघालो होतो. तेव्हापासून पावसाळ्यात आम्ही चढाच्या वाटा बंद ठेवतो. त्याच्याही आधी, २०१९ च्या ऑगस्टमध्ये, इथे आमच्या शेजारी खारघरच्या ओढ्यात चार कॉलेजच्या मुली वाहून गेल्या होत्या. पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी घातली की लोक वनखात्याला नावं ठेवतात. मी ठेवत नाही. हिरवा डोंगर सुंदर दिसतो हे खरं, पण तो पाण्याने जड झालेला असतो, शेवाळाने निसरडा झालेला असतो, आणि वरच्या पावसाची खबर खालच्या ओढ्याला अचानक मिळते.

मग एवढं सगळं असून मिळतं काय?

झोप मिळते. डोंगरावरून आल्यावर जी झोप लागते ती कुठल्याही गोळीने लागत नाही. भूक मिळते. माचीवरची नाचणीची भाकरी, पिठलं आणि कांदा खाताना आमच्यातल्या एकाही माणसाने आजवर मीठ कमी-जास्त म्हटलेलं नाही, आणि घरी हीच माणसं काय काय म्हणतात ते त्यांच्या बायकांना विचारा! डोळे आणि कान मिळतात. कर्नाळ्याच्या जंगलात पावसाच्या तोंडावर नवरंग येतो, निळा-हिरवा-पिवळा-लाल, आणि दोन सुरांची शीळ घालतो. इतकी वर्षं मी मुलांना पक्ष्यांवर निबंध लिहायला लावला, पण आवाजावरून ओळखता आलेला माझा पहिला पक्षी हा.

माणसं मिळतात. बागेत आम्ही एकमेकांशी राजकारण आणि सुना यावरच बोलत असू. चढावर दम लागलेला असताना मोठं बोलता येत नाही, तेव्हा माणूस मोजकं आणि खरं बोलतो. पोस्टातले काका आपल्या गेलेल्या मुलाबद्दल पहिल्यांदा बोलले ते कर्नाळ्याच्या वाटेवर, माझ्या पुढे चालत, मागे न बघता. समोरासमोर बसून ते कधीच बोलले नसते. मीही काही उत्तर दिलं नाही, मागून चालत राहिले.

आणि शरीराची ओळख होते. साठ वर्षं आपण शरीर वापरतो, पण ते काय म्हणतंय ते ऐकत नाही. डोंगर ते ऐकायला लावतो. हा दम साधा आहे की वेगळा, हे दुखणं थकव्याचं की इजेचं, आता थांबावं की दोन पावलं जमतील... याचा सराव होतो, आणि तो घरीही उपयोगी पडतो.

आता गुडघ्याबद्दल. गेल्या वर्षी डाव्या गुडघ्याने तक्रार सुरू केली. हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढला, कूर्चा झिजली आहे म्हणाले. मला वाटलं होतं “बंद करा” म्हणतील. ते म्हणाले, चालणं बंद करू नका, मांडीचे व्यायाम रोज करा, वजन वाढू देऊ नका, आणि मोठे उतार टाळा. म्हणजे प्रबळ गेला, दोधाणी गेलं. ऐकून वाईट वाटलं, नाही असं नाही. एक आठवडा मी गच्चीवर गेले नाही. समोर ते सगळे डोंगर रांगेत उभे, वर्गात हजेरी घ्यावी तसे, आणि आपण एकेकाच्या नावापुढे गैरहजर मांडायचं, हे नको वाटलं.

मुलगी म्हणाली, “झालं ना आता? पुरे!” मी विचार केला. पुरे म्हणजे काय? कर्नाळ्याच्या निम्म्या वाटेपर्यंत चढ सौम्य आहे, झाडी दाट आहे, बसायला जागा आहेत. तिथपर्यंत जायला गुडघा ना म्हणत नाही. गटातले बाकीचे वर जातील, मी खाली बसेन, त्यांच्या पिशव्या सांभाळेन, ते येईपर्यंत पक्षी ऐकेन. तीन वेळा असं करून पाहिलं. पहिल्यांदा जरा चुटपुट लागली. दुसऱ्यांदा एक भृंगराज अर्धा तास समोरच्या फांदीवर बसून वेगवेगळ्या पक्ष्यांच्या नकला करत होता. तिसऱ्यांदा आमच्यातली एक जण म्हणाली, “मीही बसते तुमच्याबरोबर, माझी कंबर धरलीय.” आता खाली बसणाऱ्यांचाही एक गट तयार झाला आहे. पुढची पाच वर्षं अशी मिळाली तर मला आणखी काही नको. आणि मुलीला मी सांगितलंय की ज्या दिवशी तेवढंही जमणार नाही त्या दिवशी मी बागेत गोल गोल फिरेन, तक्रार करणार नाही.

तुमच्यापैकी कोणाला सुरुवात करायची असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस बरे. मार्चनंतर आपल्याकडे ऊन सोसत नाही. पस्तिशी-चाळिशी उलटली असेल आणि काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. घरातला जिना रोज दोन-तीनदा चढा-उतरा, महिनाभर. मग जवळचा लहानसा डोंगर निवडा, एकट्याने जाऊ नका, पहाटे लवकर निघा, आणि तुमच्यातल्या सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा. छातीत दडपण, गार घाम किंवा थांबूनही न बसणारा दम, यातलं काहीही झालं तर वर किती राहिलं ते बघू नका, लगेच मदत मिळवा. कचरा परत आणा. वाडीत प्यायलेल्या चहाचे पैसे मोजून द्या, घासाघीस करू नका. आणि घरी किती वाजता येणार ते सांगून निघा, म्हणजे कोणीतरी चहाचं आधण टाकून ठेवेल.